बिनतोफेचं जहाज

आबा गेले त्याला आज एकवीस दिवस झाले. भाऊ त्यांच्या कितीतरी आधी गेला. जे लिहायचं आहे ते ऐकून मला दोष देणारं आता घरात कोणी उरलेलं नाही, म्हणून धुळ्याच्या या खोलीत बसून सावकाश लिहितो आहे.

माझ्या भावाच्या जहाजावर एकही तोफ नव्हती. ते त्याने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, आणि मी ते आबांना वाचून दाखवलं नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. धरणगावच्या जिनातून रुईच्या गाठींबरोबर तो मुंबईला गेला आणि गोदीतून सरकारी जहाजावर खलाशी म्हणून लागला. मी जळगावच्या शाळेत मास्तर होतो. त्याची पत्रं माझ्या पत्त्यावर येत. शनिवारी मी धरणगावला गाडीतून उतरून दोन कोस चालत गावी जाई आणि ओट्यावर बसून ती आबांना वाचून दाखवी. ऐकायला आळीतले पाचसहा जण जमत. बसऱ्याच्या लढाईवरून लंगडत परतलेले नाना त्यांत नेहमी असत.

भावाचं जहाज समुद्राचा तळ मोजणारं होतं. पांढऱ्या रंगाचं, पाण्यात फार खोल न बसणारं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही शिरता येईल असं. तोफा असायच्या त्या जागी मोठ्या खिडक्यांची खोली, आणि तिच्यात नकाशे काढायचं भलं मोठं टेबल. दोन्ही अंगांना होड्या टांगलेल्या. सकाळी त्या उतरवायच्या, सरळ रेघेत वल्हवत जायचं आणि थोड्याथोड्या अंतरावर दोरीला बांधलेलं शिसं सोडून पाण्याची खोली ओरडून सांगायची. एक रेघ संपली की तिच्या शेजारून दुसरी. ‘शेत नांगरल्यासारखंच,’ त्याने लिहिलं होतं, ‘फक्त नांगराचं तास मागे राहत नाही.’ शिशाच्या बुडाला खळगा असे. त्यात चरबी भरली की तळची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. ‘लढाऊ जहाजं आमच्या नकाशावर चालतात. तळ लागला नाही तर नाही लागला म्हणायचं. अंदाजाने आकडा सांगणाऱ्याला होडीत जागा नाही.’

ते पत्र मी उघडलं तेव्हा नानांनी विचारलं, “तोफा कितल्या शेतस रे जहाजवर?”

चिखल मोजणारा भाऊ मला शाळेतल्या मास्तरांपुढेही सांगवत नव्हता. कागदावरची नजर न उचलता मी म्हणालो, “चार.”

चरबी मी गाळली. नांगरणीही गाळली. पुढच्या पत्रांतून चाराच्या आठ तोफा झाल्या. बाजारात लोक आबांना ‘तोफावाल्याचा बाप’ म्हणू लागले, आणि आबा पागोटं सारखं करत हसत.

तिसऱ्या वर्षी भाऊ रजेवर आला. संध्याकाळी ओटा भरला.

“सांग भो,” नाना म्हणाले, “आठ तोफा एकदम सुटन्यात म्हंजे जहाज डोलस का?”

भाऊ हसला. “कोठल्या तोफा, नाना? मन्हा जहाजवर एक बी तोफ नही. आम्ही पानी मोजतस.”

“मंग पत्रमा कोनी लिख्यात?”

माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही. मास्तर खोटं वाचेल हे कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. पाहिलं फक्त भावाने. मला बोलायचं होतं असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

“मीच लिख्यात,” तो म्हणाला. “गंमत करी.”

“पानी मोजस म्हने! आनि समुद्र मोजीसन कोनले इकस रे?” नाना म्हणाले, आणि ओटा हसला. आबा उठून आत गेले.

दुसऱ्या सकाळी मोटेचा नाडा बदलायचा होता; नवा दोर विहिरीच्या खोलीच्या मापाने हवा होता. आमची विहीर दहा परस, म्हणजे दहा पुरुष खोल, असं आजोबांपासून चालत आलेलं. भावाने ट्रंकेतून परसाच्या मापाने खुणा केलेली आपली दोरी आणली आणि शिसं सोडलं.

“सात, आबा. बरोबर सात.”

“तोफा आठ, विहीर सात,” आबा म्हणाले. “ऱ्हाऊ दे.” खुणेकडे त्यांनी पाहिलंही नाही. भाऊ ओली दोरी गुंडाळत राहिला.

रजा शिल्लक असतानाच तो निघाला. स्टेशनावर त्याने मला एवढंच विचारलं, “पत्र लिखू का नको?” मी म्हणालो, “लिख.” त्याने पुन्हा लिहिलं नाही.

दोन वर्षांनी तो कुठल्याशा किनाऱ्यावर तापाने गेला. त्याची ट्रंक आली आणि जहाजावरच्या साहेबाचं इंग्रजी पत्र आलं. ते मी आबांना शब्दन्‌शब्द समजावून सांगितलं: याने सांगितलेला आकडा आम्हाला कधी पुन्हा तपासावा लागला नाही. मग मी म्हणालो, “आबा, तोफा मी घाल्यात. त्यानी लिख्या नव्हत्या.”

“गया तो,” आबा म्हणाले. “आते त्यानासाठे तू खोटं बोलू नको.”

मी ट्रंकेतून दोरी काढली आणि त्यांना हाताला धरून विहिरीवर नेलं. मोतीबिंदूमुळे त्यांना वाटेपुरतंच दिसे. पण त्या दोरीच्या खुणा अंधारात होडीतही ओळखता याव्यात म्हणून निरनिराळ्या केलेल्या होत्या. शिसं तळाला टेकलं तेव्हा काठाच्या दगडापाशी आलेली खूण मी त्यांच्या बोटांत दिली.

“हाई काय शे?”

“लाल कापड. सातवी खूण. दहावीले भोक पाडेल चामडं शे.”

त्यांनी माझ्या हातातल्या कोरड्या वेटोळ्यातून दोरी चाचपत नेली. चामडं सापडलं. भोकात बोट घालून ते तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी कोनाड्यातली भावाची सगळी पत्रं घेऊन ते एकटे धरणगावला गेले आणि तिथल्या पोस्टमास्तरांकडून वाचून घेतली. रात्री जेवताना म्हणाले, “शेत नांगरस तसं काम शे म्हने त्यानं. हाई तू वाचं नव्हतं.”

त्यानंतर घरात कुठलाही कागद आला की आबा तो पागोट्यात खोचून धरणगावला जात. मी समोर बसलेला असलो तरी.