आठ अक्षरं, दहा मिनिटं

किस्से मी मुद्दाम जमवत नाही. खिडकीत धूळ साठावी तसे ते आमच्या स्टाफरूममध्ये आपोआप साठतात. तालुक्याने इंग्रजीची शब्दस्पर्धा सुरू केल्यापासून तर झाडायलाही सवड मिळेनाशी झाली आहे.

स्पर्धा साधी आहे. फळ्यावर आठ इंग्रजी अक्षरं देतात आणि दहा मिनिटांत त्यांतून होतील तेवढे शब्द मुलांनी लिहायचे. पहिले दोन जिल्ह्याला, म्हणजे नगरला जातात. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे हे लोढणं माझ्याच गळ्यात आलं. माझं बीपीही तेव्हापासूनचंच!

*

पहिल्या वर्षी पत्रक आलं तसे आमचे हेडमास्तर जोमाने कामाला लागले. कुठूनतरी त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या विजेत्याचा पेपर मिळवला आणि त्यातले चाळीस शब्द रोज प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेकडून घोकून घेतले. "सर, अक्षरं दरवेळी वेगळी असतात," असं मी तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान डोलावली.

स्पर्धेत अर्थातच वेगळी अक्षरं आली. आमच्या पोरांनी तरीही तेच चाळीस शब्द लिहिले, त्याच क्रमाने! भोपळे घेऊन आम्ही परत आलो. जीपमध्ये मी धुसफुसत होते, तर हेडमास्तर म्हणाले, "पण मॅडम, एकाचा बी पेपर कोरा न्हाई, हे बघा की."

*

मग मी डिक्शनरी मागितली. आमच्या शाळेत एक आहे. चांगली जाडजूड आहे, पण तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला. पान फाटलं तर जबाबदार कोण? म्हणून ती कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. आमच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत, आणि इथे एका पुस्तकाला कुलूप!

मी दोन अर्ज दिले. त्यावर उत्तर आलं नाही, तपासणी मात्र आली. साहेबांनी कपाट उघडायला लावलं, डिक्शनरीची कोरी करकरीत पानं फिरवली आणि शेरेबुकात लिहिलं, "ग्रंथसंपदा उत्तम स्थितीत." हेडमास्तरांनी तो शेरा मला दोनदा वाचून दाखवला.

*

आमच्या पीटीच्या सरांना माझी दया आली. त्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप आहे. त्यात अक्षरं टाकली की शंभर शब्द धडाधड बाहेर पडतात. एक दिवस मी रजेवर होते, तेवढ्यात त्यांनी दोन फळे भरून टाकले. त्यातले निम्मे शब्द मी एम.ए.ला पण पाहिले नव्हते.

एका मुलीने उठून एका शब्दाचा अर्थ विचारला. "अर्थ स्पर्धेत न्हाई. खाली बस," म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मला तरी कुठं म्हाईत हाय?"

*

शेवटी मी मुलांना सांगितलं, घरात, शेतात, रस्त्यावर जिथे इंग्रजी शब्द दिसेल तिथून तो उचलून वहीत आणा. पोरांनी खताच्या गोण्या, औषधांच्या बाटल्या, ट्रॅक्टरचे पत्रे वाचून काढले. स्प्रे आला, नोझल आला, व्हॉल्व्ह आला, पॉयझनही आलं. हेडमास्तरांनी वह्या चाळून नाक मुरडलं. असले शब्द कशाला, रोझ, किंग, कॅसल असे छान शब्द घ्या म्हणाले. माझं डोकंच फिरलं. आमच्या एका तरी पोराने कॅसल बघितलाय का? नोझल प्रत्येकाने हातात धरलाय!

सगळ्यात जाड वही निघाली सातवीतल्या कोमलची. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि दरवर्षी तीही त्यांच्याबरोबर जाते. कारखान्यावर जे जे छापलेलं दिसेल ते ती वाचते. यंदा मी तिलाच स्पर्धेला न्यायचं ठरवलं. तिचे वडील शाळेच्या फाटकापाशी येऊन मला म्हणाले, "मॅडम, नंबर आला तर ऱ्हाईल ती आजीपाशी, जाईल नगरला. न्हाई आला तर दिवाळीनंतर संगं न्यावी लागंल. आमी फडात ऊस तोडायला गेल्यावर धाकट्याला कोपीवर कोन बघनार?"

*

स्पर्धा दिवाळीच्या आधी झाली. फळ्यावरची आठ अक्षरं नीट जुळवली तर 'कार्टून्स' होत होतं. कोमलने पंचवीस शब्द लिहिले आणि हसतच बाहेर आली. निकाल लागला तेव्हा ती तिसरी होती. दुसऱ्या आलेल्या मुलाचे शब्द चोवीस, हिचे तेवीस.

मी पेपर मागितला. दोन शब्दांवर लाल रेघ होती, 'रटून' आणि त्याचंच अनेकवचन. परीक्षक नेवाशाकडचे होते, घरचा ऊस असलेले. त्यांच्यापुढे वरून आलेल्या ग्राह्य शब्दांची यादी होती. हे शब्द तिच्यात नाहीत म्हणाले.

"सर, रटून म्हणजे खोडवा," मी म्हटलं. "तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो."

"मॅडम, खोडवा मला शिकवू नका. माझा सोताचा दोन एकर हाय. असला शब्द मी कधी ऐकला न्हाई."

माझा आवाज चढला. हॉलमधले सगळे वळून बघायला लागले, पण मला पर्वा नव्हती. वर्षानुवर्षं ज्याचा खोडवा कारखान्याला जातो, तो माणूस ऊस तोडणाऱ्यांच्या पोरीला तिचा शब्द चुकीचा ठरवतो! तेवढ्यात माझ्या मागून कोमल हळूच म्हणाली, "सर, कारखान्याच्या पावतीवर असतंय ते."

परीक्षकांनी पिशवीतून डायरी काढली आणि डायरीतून स्वतःच्या उसाच्या नोंदीची पावती. चष्मा लावून एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली आले. एका ओळीवर बोट थांबलं.

त्यांनी पावतीची घडी घातली आणि ती परत डायरीत ठेवली.

"पावतीवर हाय," ते म्हणाले. "यादीत न्हाई."