डोक्याला हात लावायचा नाही

लेकाने केस लावून घेतले आणि दमले मी. ह्यांची बँकेतली बदली जयपूरला झाली तेव्हा तो शाळेत होता. आता लग्नाचं वय झालं आणि टक्कल बघून मुलीकडचे नकार कळवू लागले. डॉक्टरांनी डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे रोवले. सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली. तो उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा, मी मिठाच्या पाण्याचे फवारे मारत बसायची.

पुढे लावलेले केस उशीवर गळायला लागले. मी रडकुंडीला आले.

"आई, मतलब, ते गळतातच. मुळं आत असतात, काही महिन्यांनी उगवतील."

हे आधी सांगायला काय झालं होतं?

त्यातच दिवाळी आली. अभ्यंगाला मी सवयीने तेलाची वाटी घेऊन पाटामागे बसले, तर हा ओरडला, "डोक्याला हात नको!" तेल पाठीलाच चोळलं. नमस्काराला वाकला, तेव्हा आशीर्वादाचा हातही खांद्यावरच ठेवला.

वर्ष होत आलं, केस दाट आलेत. परवा मुलगी बघायला पुण्याला निघाला, तेव्हा दुर्गापुरा स्टेशनवर माझ्या पाया पडला. आता डॉक्टरांची काही मनाई नव्हती. मी डोक्यावर हात ठेवायला गेले, तसा तो मागे सरकला.

"आई, आत्ताच सेट केलेत ना!"

माझा हात आपोआप खांद्याकडे वळला.