विनयाबाईंचं पहिलं आश्वासन

दिल्लीच्या द्वारका भागातल्या उजगऱ्यांच्या घरी "हो, करते" हे शब्द सहसा ऐकू येत नाहीत. लेक कृतिका शाळेत असताना विचारायची, आई, रविवारी चिडियाघरला जायचं का? त्यावर विनयाबाई म्हणायच्या, "रविवार येऊ दे, मग बघू." नवरा बाळ बँकेतून निवृत्त झालेला आणि जन्मजात खट्याळ. तो पाहुण्यांना सांगतो, "लग्नालासुद्धा हिनं स्पष्ट होकार दिलेला नाही. तीस वर्षं मी अंदाजानं संसार करतोय."

यात बाईंचा दोष नाही, नोकरीचा आहे. विनयाबाई दिल्लीतच जन्मल्या. आई नगरहून नर्स म्हणून आली ती हिंदूरावच्या इस्पितळात, आणि तिथलीच होऊन गेली. तिची ही लेक सरकारी परीक्षा देऊन मंत्रालयात चिकटली. संरक्षण आणि परराष्ट्र अशा दोन खात्यांच्या राज्यमंत्र्यांचं एक कार्यालय आहे, तिथे संसदेच्या प्रश्नोत्तरांचं काम विनयाबाई बघतात. मंत्री येतात आणि जातात. बाई खिडकीशेजारच्या त्याच टेबलावर बसलेल्या असतात.

काम म्हटलं तर सोपं. खासदार लेखी प्रश्न विचारतात, त्याचं छापील उत्तर सभागृहात ठेवलं जातं. मग खासदार उभे राहून उपप्रश्न विचारतात, आणि खरी गंमत तिथे सुरू होते, कारण समोरचा काय विचारेल याचा नेम नसतो. विनयाबाई एकेका प्रश्नामागे चाळीस-पन्नास उपप्रश्न स्वतःच काढतात, त्यांची उत्तरं जमवतात आणि जाडजूड फोल्डरच्या कडेला रंगीत चिठ्ठ्या चिकटवून मंत्र्यांच्या हाती देतात. पाणबुड्यांबद्दल विचारलं तर निळी चिठ्ठी, सीमेवरच्या रस्त्यांबद्दल विचारलं तर पिवळी. तरीही काही सुटलंच, तर अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसून त्या चिटोऱ्यावर उत्तर लिहितात आणि शिपायाकरवी खाली पाठवतात.

आणि एक गोष्ट त्या डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. मंत्री सभागृहात नुसतं "मी लक्ष घालतो" म्हणाले, तरी ते आश्वासन ठरू शकतं. त्याची नोंद होते. तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं, नाही केलं तर खासदारांची एक समिती अधिकाऱ्यांना बोलावून त्यांची हजेरी घेते. विनयाबाईंनी सव्वीस वर्षांत पाच मंत्री सांभाळले, आणि उपप्रश्नांच्या धांदलीत एकाच्याही तोंडून आश्वासन निसटू दिलं नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

सहावे मंत्री आले त्रिलोकीनाथजी, आणि बाईंच्या अभिमानाची कसोटी लागली. माणूस मनानं लोण्याचा. मतदारसंघातून कुणीही आलं की "हो जाएगा, भाई, हो जाएगा" म्हणून पाठीवर हात ठेवायची तीस वर्षांची सवय. पहिल्या तालमीत विनयाबाईंनी खासदार होऊन विचारलं, "सैनिकी शाळा आमच्या जिल्ह्यात कधी?" मंत्रीजी प्रसन्न हसून म्हणाले, "हो जाएगा."

"नाही सर. ये नहीं बोलना."

"तो देख लेंगे?"

"ये तो बिल्कुल नहीं बोलना."

मंत्रीजींचा चेहरा पडला. "विनयाजी, फिर मैं बोलूं क्या?"

बाईंनी त्यांना सगळी वाक्यं पाठ करून घेतली. सरकार परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहे. सूचनेची दखल घेतली आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं अधिक तपशील देणं उचित नाही. दोन अधिवेशनांत मंत्रीजी इतके तयार झाले, की चहात साखर हवी का विचारलं तरी म्हणायचे, "सुझाव नोट कर लिया है." शिकवणाऱ्या मास्तरणीला आणखी काय हवं?

याच काळात रुचिराचा फोन सुरू झाला. ती रत्नागिरीकडची. नवरा साकेत मालवाहू जहाजावर नोकरीला. परदेशातल्या एका बंदरात जहाज उभं असताना मालक दिवाळखोर झाला आणि पसार झाला. बंदराचा नियम असा, की जहाज बेवारस सोडता येत नाही, त्यावर माणसं हवीतच. त्यामुळे साकेत आणि आणखी आठ खलाशी आठ महिने त्या जहाजावर अडकून पडले होते. प्यायचं पाणी मोजून मिळत होतं, किनारा समोर दिसत होता आणि उतरायची परवानगी नव्हती. रुचिरा दिल्लीला येऊन चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवून गेली होती. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्य सरकारच्या अतिथिगृहात कुणीतरी तिला सांगितलं, मंत्र्यांच्या ऑफिसात एक मराठी बाई आहेत, त्यांचा नंबर घे.

तेव्हापासून रोज सकाळी पावणेदहाला फोन. "मॅडम, काही कळलं का?"

"अजून नाही गं."

"बरं. उद्या करते."

एवढंच बोलणं. रडणं नाही, भांडणं नाही. त्यानंच विनयाबाईंचा जीव अधिक कासावीस व्हायचा. त्यांनी फाइलचा माग काढला होता. दूतावासानं बंदराला एक हमीपत्र दिलं की लगेच जहाजावर स्थानिक राखणदार बसवता येणार होते आणि नऊ जण सुटणार होते. पण हमीपत्राचा मसुदा चार महिने दोन टेबलांच्या मध्ये झोके घेत होता. हा म्हणे आधी त्यांची सही, तो म्हणे आधी यांची. विनयाबाईंनी दोन्हीकडे फोन केले, गोड बोलल्या, कडक बोलल्या. दोन्हीकडून उत्तर मिळालं, प्रकरण विचाराधीन आहे. हे वाक्य त्यांनी स्वतः हजार वेळा टाइप केलं होतं. त्या दिवशी ते ऐकून त्यांना संताप आला.

हिवाळी अधिवेशनात या नऊ खलाशांबद्दलचा प्रश्न लागला. चौथा क्रमांक, तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा. छापील उत्तर नेहमीचंच होतं: सरकार बारकाईनं लक्ष ठेवून आहे. सकाळी पावणेदहाला विनयाबाईंनी रुचिराला सांगितलं, आज टीव्हीवर बघ. सांगितलं आणि लगेच पस्तावल्या. ती बिचारी काय ऐकणार होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गॅलरीत शेजारी सहसचिव भल्ला बसले होते, सज्जन आणि सावध. खाली मंत्रीजी उभे राहिले, उत्तर झकास झालं. मग एक वयस्कर खासदार उठले आणि शांतपणे म्हणाले, "मंत्रीजी, लक्ष तर त्यांच्या बायकापोरांचंही आहे. ते परत कधी येणार, एवढंच सांगा."

मंत्रीजींनी हिरवी चिठ्ठी उघडली. दूतावास सातत्यानं संपर्कात आहे, हे वाक्य तिथे होतं, विनयाबाईंच्याच हातचं. आता ते वाचलं जाणार, पुढचा प्रश्न पुकारला जाणार आणि मसुदा पुढच्या अधिवेशनापर्यंत झोके घेणार. बाईंना आत कुठेतरी सरळ लाज वाटली. सव्वीस वर्षं आपण फक्त दारं लावायला शिकवलं, असं वाटलं. दोन टेबलांना घाबरवणारी एकच गोष्ट सरकारात असते, आणि ती रोखण्यातच त्यांनी हयात घालवली होती. त्यांनी चिटोरं ओढलं आणि लिहिलं: "सर, तीन महिने म्हणा."

भल्लांनी ते वाचलं. "मॅडम, ये आश्वासन बन जाएगा."

"हां सर. इसीलिए."

"सेक्रेटरी साहब से पूछा?"

"नहीं पूछा."

भल्ला छताकडे बघू लागले. शिपाई चिटोरं घेऊन खाली गेला. मंत्रीजींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. विनयाबाईंनी होकाराची मान हलवली. दोन अधिवेशनं तोंडाला कुलूप लावून बसलेला तो भला माणूस असा फुलला, की पाहणाऱ्यालाच हसू यावं. "अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "तीन महीने के अंदर नौ के नौ अपने घर पर होंगे। ये मेरा आश्वासन है।" तो शब्द उच्चारायला बाईंनी सांगितलं नव्हतं. तो त्यांनी पदरचा घातला, आणि बाकं वाजली.

पुढचे दिवस विनयाबाईंना झोप नीट लागली नाही. सचिवांनी बोलावून झापलं, एवढ्या अनुभवी बाईकडून ही अपेक्षा नव्हती म्हणाले. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं ऑफिसात जो तो म्हणे. बाळनं घरी विचारलं, "नाही झालं तर?" पण आश्वासनाची नोंद झाली आणि फाइल पळू लागली. जी सही चार महिने मिळत नव्हती ती अकराव्या दिवशी झाली, कारण समितीसमोर उभं राहायची हौस कुणालाच नव्हती. उरलेल्या कागदांसाठी विनयाबाई रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात उभ्या राहिल्या. राखणदार मिळेनात, मग मिळाले. व्हिसाचा एक शिक्का चुकला, मग तो बदलून घेतला. आणि या सगळ्यात पावणेदहाचा फोन चालूच होता. "अजून नाही गं." "बरं. उद्या करते."

बहात्तराव्या दिवशी दूतावासाचा संदेश आला, नऊही जण विमानात बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता कशाला येईल, असं बाईंनी स्वतःला समजावलं, तरी पावणेदहाला त्यांची नजर फोनकडे जातच होती.

चौथ्या दिवशी तोच नंबर वाजला. आवाज पुरुषाचा होता, जरा खरखरीत.

"मॅडम, मी साकेत. परवा रात्री घरी पोचलो. तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोला ना. बरे आहात?"

"बरा आहे. तिकडे सिग्नल मिळाला की ही मला सांगायची. दिल्लीत एक बाई आहेत, त्या कधीच काही सांगत नाहीत, पण फोन रोज उचलतात." तो जरा थांबला. "आम्ही नऊ जण त्याच्यावर दिवस काढत होतो, मॅडम. आज उचलला का, एवढंच विचारायचो."

विनयाबाईंनी फोन तसाच कानाला धरून ठेवला. दारातून भल्लांनी काय झालं म्हणून खूण केली, आणि बाईंना डोळे पुसायला रुमाल सापडेना.