देवासमोरची कबुली

ती केस डोक्यातून जाता जात नाही. झरी जामणीच्या जंगलातल्या एका गावात आमच्या ख्रिस्ती मंडळीचं लहानसं प्रार्थनाघर आहे. तिथली पितळी घंटा चोरीला गेली. मी तेव्हा सहायक फौजदार. सातवी शिकलेला, शिपायापासून वर चढलेला. घरचा ख्रिस्तीच, पण नोकरीनं माणसावरचा विश्वास खाऊन टाकला होता. पाळक उपदेशाला उभा राहिला की याचं काय लफडं असेल, हेच माझ्या मनात यायचं.

खबऱ्याचा फोन आला. "साहेब, राखणदारच हाये. चावी त्याच्याचजवळ रायते."

राखणदार म्हणजे म्हातारा कोलाम आदिवासी. त्याला ठाण्यात आणून समोर बसवला.

"बाबा, घंटा कोनं नेली?"

"माह्या पापानं गेली, साहेब. मी दोषी हावो."

"मंग ठेवली कुठं?"

तो रडायला लागला. "मी दोषी हावो."

आमचा हवालदार हसला. "साहेब, याले तर चहाबी नाही पाजा लागला!"

म्हाताऱ्याचे ते शब्द आम्ही दर रविवारी प्रार्थनेत म्हणतो. मला पाठ होते. तरी डायरीत लिहिलं, 'गुन्हा कबूल'. अटक केली, कोर्टातून पोलीस कोठडी घेतली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अवो, तो प्रार्थनेतलं बोलून राह्यला. तुमाले कसं समजलं नाही?"

"तुले काय कळते? बायबलवर हात ठेवून खोटं बोलणारे म्या लय पाह्यले."



तिसऱ्या दिवशी बाभुळगावजवळ नाकाबंदीत एक पिकअप सापडली. भंगाराखाली आमची घंटा, सोबत दोन देवळांच्याही. चोरांनी म्हाताऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं. दार उघडंच होतं म्हणाले.

सोडताना मी त्याला विचारलं, "मंग दोषी हावो काहून म्हटलं?"

"कुलूप लावाचं राह्यलं, साहेब. माह्याच चुकीनं गेली."

"तेवढंच सांगाचं ना!"

"देवापुढं एक अन् तुमच्यापुढं दुसरं, असं कसं सांगू?"

मी माफी मागितली नाही. रजिस्टरवर त्याचा अंगठा घेतला आणि जा म्हटलं.

संशय पोलिसाला लागतोच. पण ड्युटी संपल्यावर पट्ट्यासोबत तो खुंटीला टांगता आला पाहिजे. मला जमलं नाही. 'मी पापी आहे' म्हणणारे सगळे मला खोटे वाटायचे, मग मीही खोटाच वाटायला लागलो. शेवटी म्हणणंच सोडलं. बायको एकटी चर्चला जायची.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मातीला तो म्हातारा एसटीनं आला. कबरीशी गुडघे टेकून त्यानं प्रार्थना केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी मात्र त्याच्याकडेच पाहत होतो, याला माझ्याकडून काय पाहिजे असेल म्हणून. त्याला काहीच नको होतं. पाणी प्यायला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

बायकोला माती देतानाही मी तपासच करत होतो.