पानावरचा आडवा हात

...आणि भांडीच घासायची होती तर आपली पातेली काय वाईट होती, हे अण्णांचं वाक्य मी अडीच वर्षं ऐकतोय. अण्णा म्हणजे माझे वडील. अहो अण्णा, किती वेळा सांगू, आता सिंक सुटला. मी आता वाढतो!

त्यावरही उत्तर तयारच असतं म्हणा. "वाढायचंच होतं तर घर सोडून का गेलास?"... आणि फोन आईकडे.

अण्णा आचारी आहेत. सांगलीकडच्या गावांत लग्नाची जेवणं करतात. मी नववी नापास झाल्यावर त्यांनी माझ्या हातात मठ्ठ्याची बादली दिली. मला लाज वाटायची... शाळेतली पोरं पंगतीत बसलेली आणि मी वाकून त्यांना वाढतोय. म्हणून एका मामांच्या ओळखीने निघालो ते थेट लंडनला, ईलिंगच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये.

आता वॉटफर्डच्या बाहेर एका जुन्या जमीनदाराच्या घरात काम करतो. तीनशे वर्षांचं घर, पडायला आलं होतं म्हणे. नव्या मालकाने दगड न् दगड साफ करून परत उभं केलं आणि तिथे हॉटेल काढलं. घोड्यांच्या पागेत आता डायनिंग हॉल आहे. जेवण सगळं याच भागातलं, बटाटा कुठल्या शेतातला तेसुद्धा मेन्यूवर लिहिलेलं असतं.

इथे भाज्या मोठ्या प्लॅटरमधून चांदीच्या चमच्यांनी वाढायच्या. पण एकदाच विचारायचं. गेस्ट नको म्हणाला की पुढे सरकायचं, हा आमच्या हेडवेटरचा, मार्टिनचा नियम. मी अजून ट्रायलवर आहे, तीन आठवडे राहिलेत.

तर परवा रविवारी दुपारी जवळच्याच स्टॅनमोरचं एक मराठी कुटुंब आलं. डॉक्टर, त्यांची मिसेस आणि गावाहून आलेले डॉक्टरांचे वडील. काका कोट घालून अगदी ताठ बसलेले... आपण परीक्षेला बसतो ना, तसे.

मार्टिन बटाटे घेऊन आला. गोट्यांएवढे छोटे, वर लोणी आणि पुदिना. काकांनी दोन घेतले, मिटक्या मारत संपवले. मार्टिनने अजून देऊ का विचारलं तर काकांनी प्लेटवर हात आडवा धरला. "नो नो, थँक्यू." मार्टिन पुढे गेला आणि प्लॅटर माझ्याकडे देऊन दुसऱ्या टेबलाकडे वळला.

मी मागेच उभा होतो. मला तो हात दिसला... बोटं पसरलेली होती.

ज्यांनी पंगत वाढलेली नाही त्यांना सांगतो. बोटं घट्ट मिटून माणूस पानावर वाकला, तर पोट खरंच भरलंय. बोटं पसरली असतील तर तो फक्त लाजतोय, बोटांमधून जिन्नस खाली जायला जागा ठेवलीय त्याने. हे मला अण्णांनी शिकवलं, बादली हातात दिली त्याच दिवशी. "तोंडाकडे बघू नकोस, तोंड खोटं बोलतं. हात बघ."

माझा पाय काही पुढे सरकेना. ट्रायल, मार्टिन, सगळं डोक्यात होतं... तरी वाकलो.

"घ्या हो काका, एवढ्याने काय होतंय?"

"अरे! मराठी?... नको, नको, बास!" आणि बोटं अजून फाकली. मी चार बटाटे वाढले.

"बाबा, इथे आग्रह नसतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "म्हणून तर आठ दिवस अर्धपोटी आहे मी!" काका म्हणाले. मिसेसना एवढं हसू आलं की नॅपकिन तोंडाला लावावा लागला.

मग काकांनी मला नीट निरखून पाहिलं. "हात बघून वाढलंस तू. हॉटेलात नाही शिकवत हे. वडील काय करतात रे?"

इथे कोणीही विचारलं की मी सांगतो, आमचं मोठं हॉटेल आहे. अडीच वर्षं हेच सांगत आलोय. त्या दिवशी नाही जमलं. "आचारी आहेत," मी म्हणालो. "लग्नाची जेवणं करतात."

"तरीच," काका म्हणाले आणि परत जेवायला लागले. बास, एवढंच. आभाळ काही कोसळलं नाही.

मार्टिनने नंतर बाजूला घेतलंच. गेस्ट नको म्हणाले होते ना? मी त्याला बोटं पसरून, मिटून, दोन्ही दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा केलंस तर परत सिंकवर. चूक त्याचीही नाही.

शिफ्ट संपल्यावर कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडला आणि घरी फोन लावला. आपल्याकडे रात्र झालेली. अण्णा एका लग्नाच्या जेवणावर गेलेले, आई बोलली. दोन वाढपी पोरं कारखान्यात लागली, ऐन हंगामात माणूस मिळेना. अण्णा गुडघा सुजलेला असताना स्वतः बादली घेऊन पंगतीत फिरतायत...

मला इथे, त्या हिरव्यागार लॉनच्या कडेला, मांडवातला मसालेभाताचा वास आला. खरं सांगतो, आत्ता कोणी विमानात बसवलं असतं तर बूट काढून सरळ पंगतीत शिरलो असतो.

ते जमत नाही. मदत म्हणून पाठवलेले पैसे अण्णा घेत नाहीत, मागच्या वेळचे तसेच आईच्या डब्यात पडलेत. म्हणून अण्णा, ही मदत नाही. ही मजुरी आहे, माझ्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाची. हात बघून वाढणारा शोधा, तोपर्यंत तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं ओरडा.

आई म्हणाली, हंगामातली अजून पंचवीस जेवणं बाकी आहेत. माणसाला एका जेवणाचे दोनशे. उद्या अण्णांच्या नावाने पाठवतोय... पाच हजार रुपये.