जिताड्याचं डोकं

एडवण आणि तारापूर यांच्या मधल्या किनाऱ्यावर उभं राहिलं, की पश्चिमेला पाण्यात माडांचा एक झुबका दिसतो. ते खारबेट. नकाशात शोधू नये, सापडणार नाही. सव्वीस घरं, गोड्या पाण्याची एक विहीर आणि चारी बाजूंनी काळा खडक. भरती असेल तेव्हाच होडी तिथं लागते.

त्या खडकावर जाळं टाकलं तर चिंध्या होऊन वर येतं. म्हणून सगळा किनारा जाळ्यांवर जगतो तेव्हा खारबेटची माणसं गरीवर जगतात. एक दोर, टोकाला आकडा, आकड्याला टोचलेली जिवंत कोळंबी आणि माणसाची सबुरी, एवढंच त्यांचं भांडवल. आणि या गरवण्यात नवशा तांडेलासारखा दुसरा नव्हता, हे मी पैज लावून सांगतो. त्याच्या तर्जनीवर दोरीनं पडलेली खाच होती. तिच्यात भाताचा दाणा आडवा बसला असता. दोर त्या खाचेतून खाली सोडून तो डोळे मिटून बसायचा. खाली बोय आलाय की शिंगाळा की जिताडा, ते त्याला बोटाला कळायचं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "जिताडा आदी इचार करतो. बाकीचे आदी खातात."

हा नवशा माझा सख्खा मामा.

माझी आई, मैना, त्याची एकुलती बहीण. मी नऊ वर्षांचा असताना ती तापानं गेली आणि वडील मला घेऊन पालघरला आले. ते भाताच्या गिरणीत कामाला लागले आणि पुन्हा समुद्राकडे फिरकले नाहीत. मामा मात्र वर्षातून दोनदा यायचा. खांद्यावर सुक्या बोंबलांचं गाठोडं, अंगात मीठ वाळलेला सदरा. शाळेच्या फाटकापाशी उभा राहायचा. पहिल्या वर्षी मी धावत गेलो. चौथ्या वर्षी मागच्या दारानं घरी गेलो. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिलं पाहिजे.

खारबेटवर एक रीत आहे. बहीण वारली, की तिच्या मुलाला मामानं आपल्या हातानं धरलेल्या जिताड्याचं डोकं वाढायचं. आपल्याच घरात, आपल्याच ताटात. भाच्यानं ते खाल्लं, की बहिणीचं माहेर तुटलं नाही असं धरतात. आणि तो ते खात नाही तोवर मामानं जिताड्याला तोंड लावायचं नाही. मामानं सतरा वर्षं लावलं नव्हतं. शेकड्यांनी धरले असतील. सगळे दुसऱ्यांच्या चुलीवर गेले. त्याला मूलबाळ नव्हतं. माझ्याखेरीज ते डोकं खाणारं कोणी नव्हतं.

मी मोठा झालो. गिरणीत पोत्यांवर बसून, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत इंग्रजी शिकलो. त्याचा मला फार ताठा होता. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, परदेशी इंजिनीअर आले, आणि एका ठेकेदाराच्या हापिसात मला दुभाषा म्हणून नोकरी लागली. इस्त्रीची पँट आली. टेबल आलं. त्या टेबलाभोवती पुण्यामुंबईकडची माणसं होती. कोळणी पाट्या घेऊन रस्त्यानं गेल्या की खिडक्या लावून घेणारी. एकदा हेडक्लार्कनं मला विचारलं, "तुमचं कुठलं हो?" मी म्हणालो, "आमची वाडी आहे, नारळाची." एवढं एक वाक्य. पुढची दोन वर्षं मी ते सांभाळत राहिलो.

आमचा डॉसन साहेब भला माणूस. मासेमारीचा नादी. त्याला कोणी सांगितलं, खारबेटवर गरवणारे आहेत, त्यांच्यात नवशा नावाचा एक आहे, त्याला भेट. सहासष्टच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी साहेब, हेडक्लार्क आणि मी होडीत बसलो. मी मनात म्हणत होतो, मामा समुद्रावर गेलेला असू दे.

तो खडकावरच उभा होता.

भोवती दहाबारा माणसं. आईनंतर मी बेटावर पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळं मला ओळखणारं त्यांत कोणी नव्हतं. मामानं ओळखलं. त्याचा चेहरा असा उजळला, की आजही डोळे मिटले तरी मला तो दिसतो. ओले हात लुंगीला पुसत, दोन्ही हात पुढं करून तो पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात आला.

मागून हेडक्लार्क म्हणाला, "हा तुम्हाला ओळखतो वाटतं?"

मी होडीतूनच मोठ्यानं विचारलं, "नवशा तांडेल तुम्हीच का?"

मामाचे हात तसेच राहिले. एक लाट आली, गेली. मग त्यानं ते हात होडीच्या काठावर ठेवले, जणू होडी धरायलाच आला होता.

"हो साहेब," तो म्हणाला. "मीच."

त्या दिवशी तो साहेबाला शिकवत होता आणि मी मधे बसून दोघांचं बोलणं इकडचं तिकडं करत होतो. साहेबाची काठी चाकाची, चकचकीत. खडकावरच्या बाया हसत होत्या. एक म्हणाली, "अगो, काठीला रहाट लावलाय! मासा काडतो का इहिरीचं पानी?" साहेबानं दोन बारके मासे धरले आणि परत पाण्यात सोडले, तेव्हा तर हशा पिकला. "दमला असंल बिचारा मासा, घरी धाडला!" साहेबानं मला विचारलं, त्या काय म्हणतात? मी सांगितलं, तुमचं कौतुक करतात. त्या दिवशी मी एवढंच करत होतो. सगळ्यांना बरं वाटेल ते सांगत होतो.

उन्हं कलायला लागली तेव्हा मामानं डोळे मिटले. तर्जनी किंचित वर झाली. त्यानं दोर ओढला नाही, दिला. पुन्हा दिला. मग हळूहळू, दळणाऱ्या बाईच्या हाताच्या लयीत, आत घेतला. जिताडा वर आला तो हातभर लांब, रुपेरी, ढालीसारखा. साहेब लहान मुलासारखा ओरडला. त्यानं मामाच्या हातात मासा देऊन फोटो काढला.

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "नवशा, आता तरी खाशील का? भाचा कदी येनार तुजा?"

मामा माशाकडे बघत होता. "येल," तो म्हणाला. "हापिसात कामं लय असतात त्याला."

आम्हाला त्यानं घरी जेवायला नेलं. ओटीवर तीन ताटं मांडली. काशीमामीनं मला आईच्या मांडीवर असल्यापासून पाहिलेलं. तिनं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. भात आला, कालवण आलं. मग ती आत गेली आणि एका वाटग्यात जिताड्याचं डोकं घेऊन आली. मामा उठला. त्यानं ते वाटगं तिच्या हातातून घेतलं आणि माझ्या ताटात डोकं वाढलं.

बघा, किती सोपं करून दिलं होतं त्यानं. ओटीवर गावातलं कोणी नव्हतं. साहेबाला रीत माहीत नव्हती, हेडक्लार्कला नव्हती. मी नुसतं खायला हवं होतं. बोलायचं काही नव्हतं, कबूल काही करायचं नव्हतं. सतरा वर्षं फिटली असती.

हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अरे बापरे! डोळ्यांसकट? तुम्ही खाता हे असलं?"

"छे हो," मी म्हणालो आणि ताट साहेबाकडे सरकवलं. "साहेब पाहुणे. मान त्यांचा."

साहेबानं भल्या माणसासारखं थोडं चाखलं, उरलेलं बाजूला ठेवलं. मामी आत गेली. मामा दाराला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "भात वाढू का साहेब?" आणि तो मला विचारत होता.

महिनाभरात साहेबानं फोटोची एक प्रत माझ्या हाती दिली. म्हाताऱ्याला पोचव म्हणाला. ती खणात पडून राहिली. खण उघडला की मासा हातात धरून मामा दिसायचा. फोटो काढताना मी उभा होतो त्या बाजूला तो बघत होता. होळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी एकटाच निघालो.

मामा घरात दोर पिळत बसला होता. मी फोटो दिला. त्यानं तो उजेडात धरून निरखला. "मासा बरा आलाय," म्हणाला.

मी त्याचे पाय धरले. "मामा, चुकलं माझं. आज धर एक जिताडा. मी सगळ्यांच्या देखत खाईन."

त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "हलू बोल. भितीपल्याड जानूचं घर हाय."

मला कळेना. मग मामीनं सांगितलं. आम्ही गेल्यावर गावात कुजबुज झाली होती. तो पोरगा अगदी मैनासारखा दिसतो म्हणून. चार जण विचारायला आले. मामानं गावदेवीवर हात ठेवून सांगितलं, की तो माझा भाचा नव्हे, हापिसातला दुसराच कोणी.

"का पण?" मी विचारलं.

मामा दोर पिळत राहिला. "मैनाचा पोरगा मामाला वलकत नाय, असं कोनी बोललं असतं तं मला ऐकवलं नसतं."

"मग मी आता सांगतो ना, मीच तो."

"आनि देवीवरचा हात?" तो म्हणाला. रागानं नाही. मला एखादी गाठ समजावून सांगावी तसं. "नवशा आजवर खोटं बोलला नाय, असं गाव म्हनतो. तेवडंच हाय माज्यापाशी. ऱ्हाऊ दे ते." मग म्हणाला, "जेवून जा. बोंबलाचं कालवण हाय."

मी जेवलो. चव लागली नाही असं लिहिणं सोपं आहे. लागली. आईच्या हातची होती तीच.

मामा मला सोडायला खडकापर्यंत आला नाही. शेजारच्या जानूनं होडी काढली. वीसबावीस वर्षांचा, बोलका, पाणी कापत जाणारा गडी. भरती पुरी होती, माड मागं मागं जात होते. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "साहेब, तुमी हापिसातले ना? त्या दिवशीचे?"

"हो."

"नवशाकाकाचा भाचा बी तितंच असतो म्हनं. वलकता का तुमी?"

मी पाण्याकडे बघत होतो. उलट्या दिशेला होडी वळवायला सांगावी, बेटावर उतरून ओरडून सांगावं, असं वाटत होतं. आणि त्याच वेळी देवीवर ठेवलेला तो खाच पडलेला हात दिसत होता. माझी लाज झाकायला त्यानं आपल्या जन्माची एकच शिल्लक वापरली होती. आता माझं खरं त्याला बुडवणार होतं.

"ओळखतो," मी म्हणालो.

"मंग सांगा त्याला, एकदा येऊन जा. म्हातारा वाट बगतो. अजून जिताडा खात नाय." जानूनं वल्हं मारलं. "सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.