बाळकाकांचा पुरावा

बाळकाका सावर्डेकर आपलं नाव सांगायचे तेव्हा समोरचा अमेरिकन माणूस क्षणभर थांबायचा. टक्कल, जाड मिशी, चोपन्न वर्षांचा देह, आणि नाव बाळ. अर्थ काय, असं कुणी विचारलं की ते सरळ सांगायचे, "बेबी." वर कुणी हसलेलं त्यांना खपत नसे.

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत त्यांनी वीस वर्षं जॉबर म्हणून काढली होती. तिथे मशिनं आणि माणसं दोन्ही हाकायची असत, आणि वेळ आली की मालकाच्या केबिनसमोर ठिय्याही मांडायचा असे. गिरणीला टाळं लागल्यावर बायकोच्या इंजिनिअर भावाने कागद केले आणि हे जोडपं जर्सी सिटीला आलं. आता ते एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत. शिक्षण सातवी. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर ठेवून पेपर वाचत शिकलेलं, त्यामुळे शब्द वकिलाचे आणि उच्चार इचलकरंजीचे.

ते राहायचे ती विटांची चार मजली इमारत जुनी होती. अकरा बिऱ्हाडं, त्यातली सात आपली. शहाऐंशीच्या जानेवारीपासून बाथरूमच्या भिंतीतला उभा पाइप गळत होता. छताला पोपडे धरले, दारं फुगली. तक्रारी झाल्या, मालकाच्या कंपनीचा लू नावाचा माणूस भिंतीत हात घालून गेला, पाणी पडतच राहिलं. आणि ऑक्टोबरात कंपनीचंच उलट पत्र आलं. पाइप आम्ही जानेवारीत बदलला आहे. ही माणसं बादलीने आंघोळ करतात, पाणी जमिनीवर ओततात, म्हणून गळतं. इमारतीचं नुकसान केल्याबद्दल सातही घरं खाली करा.

नदीकाठी उंच इमारती उठायला लागल्या होत्या, जागांचे भाव चढत होते. तिथून मॅनहॅटन ट्रेनने दहा मिनिटांवर. त्या पत्रात आंघोळ कुठून आली, हे कळायला सातवीही पुष्कळ होती.

"बादलीने आंघोळ करतो हे खरं आहे," बाळकाका भाडेकरूंच्या बैठकीत म्हणाले. "पण बादली टबात ठेवून करतो. आमचं डोकं ठिकाणावर आहे."

"पण ते प्रूव्ह कसं करणार, काका?" चौथ्या मजल्यावरच्या रेखाने विचारलं. तिच्या पोटात सातवा महिना होता आणि घर शोधत फिरायची तिची अजिबात तयारी नव्हती.

"पुरावा मी आणतो."

एवढं बोलून बसल्यावर आणणं भाग होतं. मेहुण्याचा मुलगा संजीव लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याचा खांद्यावरचा कॅमेरा मागवला. एका रविवारी दुपारी सगळ्या इमारतीत नळ बंद ठेवायला सांगितले, भिंतीची सैल टाइल काढली आणि आतला ठिबकणारा पाइप चाळीस मिनिटं शूट केला. सुचित्राकाकू गजराचं घड्याळ धरून शेजारी उभ्या होत्या, म्हणजे वेळ दिसावी. हात भरून आला की त्या हात बदलत.

संजीवने कॅसेट दिली. "काका, लेबल इट इन इंग्लिश, ओके? हिअरिंगला लागेल."

"माझा पुरावा, माझी भाषा," बाळकाका म्हणाले आणि ठळक अक्षरात लिहिलं: पाणी.

आता इथे सुचित्राकाकूंबद्दल सांगायला हवं. काकूंना इंग्रजी फारसं येत नसे, पण रविवारी संध्याकाळी पब्लिक चॅनलवर एक ब्रिटिश विनोदी मालिका लागायची, ती त्या सोडत नसत. त्यातला नायक चौकड्यांची टोपी घालून जगाची मदत करायला निघायचा आणि जग मोडून घरी यायचा. बोलायचा कमी, पडायचा जास्त. त्याचं खरं नाव काकूंच्या तोंडी बसेना, म्हणून घरात त्याला दामू म्हणत. एका भागात दामू शेजाऱ्याचा गळका पाइप दुरुस्त करायला जातो आणि शेवटी वरच्या मजल्यावरचा टब, आत बसलेल्या पाद्र्यासकट, छत फोडून खाली येतो. हा भाग काकूंनी टेप करून ठेवला होता. पोळ्या लाटून झाल्या की लावायच्या, आवाज न करता हसायच्या, पदराने डोळे पुसायच्या. कॅसेट ओळखू यावी म्हणून त्यांनीही एकच शब्द लिहिला होता. तो कोणता, हे बाळकाकांनी कधी पाहिलं नव्हतं.

सुनावणी महापालिकेच्या एका खोलीत होती. टेबलाच्या टोकाला मिसेस ओकली नावाच्या अधिकारी, त्यांच्यासमोर बोललेलं सगळं टिपणारा टेपरेकॉर्डर, कोपऱ्यात चाकांच्या गाड्यावर टीव्ही. कंपनीकडून डॉर्सी नावाचा लालबुंद, गोलमटोल मॅनेजर आला होता. त्याने आधीच सांगून टाकलं, "पाइप नवा आहे. प्रश्न सवयींचा आहे." सवयी हा शब्द त्याने फार जपून उच्चारला.

बाळकाकांची कानशिलं तापली. पण रेखा मागे बसली होती, बाकीची बिऱ्हाडं बसली होती. त्यांनी कॅसेट सरकवली.

पडद्यावर छत आलं. छतावर तपकिरी डाग. डागातून थेंब सुटला, पडला. दुसरा सुटला.

"छत, गळती," मिसेस ओकलींनी वहीत लिहिलं.

बाळकाका मात्र सावध झाले. आपल्या छताला इतका चांगला रंग कधीच नव्हता. शिवाय घड्याळ धरलेला हात कुठे दिसेना. तेवढ्यात छताखाली चौकड्यांची टोपी आली.

तेव्हाच उठून बंद करायला हवं होतं. पण उठायचं म्हणजे अकरा बिऱ्हाडांसमोर म्हणायचं की पुरावा घरी राहिला. बाळकाकांनी आयुष्यात मालकाच्या माणसासमोर चूक कबूल केली नव्हती. एक क्षण थांबू, असं त्यांनी ठरवलं. तो क्षण लांबत गेला.

"हा कोण?" मिसेस ओकलींनी विचारलं.

"प्लंबर," बाळकाका म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं.

"कंपनीचा?"

"नाही. ब्रिटिश."

मागच्या रांगेत संजीवने कपाळ तळहातात धरलं. दामूने पाइपला पान्हा लावला, पान्हा हातात आला, पाण्याची चिळकांडी पाद्र्याच्या चहात पडली. दामूने बूट काढला. पायातला मोजा काढला. मोजा पाइपच्या भोकात कोंबला, वरून गळ्यातला टाय गुंडाळला आणि खिशातून रंगाचा डबा काढून सगळ्यावर हात फिरवला. नवा कोरा पाइप.

डॉर्सी आधी नाकातून हसला. मग पोटातून. मग टेबलाला धरून.

"माय गॉड," तो डोळे पुसत म्हणाला, "हा तर आपला लू. चौथ्या मजल्यावर भिंतीत डिट्टो हेच केलंय त्याने. फक्त मोजा नाही, टॉवेल. जानेवारीपासून आतच आहे बिचारा."

पडद्यावर टब खाली आला. खोलीत कुणी हसलं नाही.

"मॅडम," बाळकाका उभे राहिले, "प्लीज नोट द टॉवेल."

मिसेस ओकलींनी टीव्ही बंद केला. टेपरेकॉर्डर मागे फिरवून टॉवेलपर्यंतचं वाक्य पुन्हा ऐकलं. खोलीतल्या सगळ्यांनीच ऐकलं, डॉर्सीनेसुद्धा. आता त्याचा रंग उतरला होता.

"मी गंमत करत होतो," तो म्हणाला.

"मग भिंत उघडून बघू," मिसेस ओकली म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरने भिंत उघडली. आत टॉवेल निघाला, हिरव्या पट्ट्यांचा, शेवाळलेला. घरं खाली करायची नोटीस रद्द झाली आणि दहा दिवसांत पूर्ण पाइप बदलायचा हुकूम निघाला.

हुकूम हातात आल्यावर बाळकाकांनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं आणि स्वतःच सांगितलं, "कॅसेट चुकीची होती. दोन्हींवर पाणी लिहिलं होतं, मी बघून घेतली नाही. चूक माझी."

त्यांना इतकं थोडं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"मग आपण जिंकलो कसे काय?" रेखाने विचारलं.

"तो हसला म्हणून."

"आणि नसता हसला तर?"

बाळकाकांनी हुकुमाच्या कागदाची नीट घडी घातली. "तर तुझं सामान मी उतरवलं असतं," ते म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिससमोर बसलो असतो."

नवव्या दिवशी तीन प्लंबर आले. बाळकाकांनी लाँड्रीत रजा टाकली होती. सकाळी आठपासून ते बाथरूमच्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले. प्रत्येक जोड स्वतः बोटाने चाचपायचे, मग पुढचा लावू द्यायचे.

अकराच्या सुमारास त्यातला थोरला वैतागला. "मिस्टर, तुम्ही इथे उभंच राहायला हवं का?"

"हो," बाळकाका म्हणाले. "आटे नीट आवळ. आणि टॉवेल असेल तर बाहेर ठेव."